पोळा चौकीत नेणाऱ्या बायडाबाई

आमच्या गल्लीत पोलिसांची गाडी थांबली की हल्ली घराघरांतून माणसं बाहेर येतात आणि नुसती उभी राहतात. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. एखादीचे हात कणकेने भरलेले असतात, एखाद्याच्या खांद्यावर टॉवेल असतो. पोलीस ज्या आफ्रिकन मुलाला अडवून पासपोर्ट मागत असतात त्याच्यापासून चार हातांवर ही माणसं थांबतात आणि तो मुलगा आपल्या वाटेने जाईपर्यंत हलत नाहीत. सुरुवातीला पोलीस विचारायचे, "काय पाहिजे?" उत्तर ठरलेलं, "काही नाही. उभे आहोत." उभं राहायला अजून परवानगी लागत नाही, निदान आमच्या भागात तरी.

ही पद्धत बायडाबाईंनी पाडली. पाडली म्हणजे काही सभा वगैरे घेतली नाही. सभेत बसायचा त्यांचा पिंडच नाही. सत्तरीला टेकलेली ही बाई बसून चहासुद्धा पीत नाही. कप हातात घेऊन जिना चढते, टाकीचा वॉल्व्ह बघते, खाली येऊन बैलाची वैरण सारखी करते आणि चहा निवला म्हणून सुनेला बोल लावते. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्यामागे फिरावं लागतं. माझे गुडघे त्यांच्यामुळे गेले असं मी डॉक्टरांना सांगितलंय.

मी मूळची नारायण पेठेतली. तिथल्या जागेच्या वाटणीत आमच्या हिश्श्याला जे आलं त्यात विश्रांतवाडीच्याही पलीकडे, भैरववाडीतला फ्लॅट परवडला. भैरववाडी महापालिकेत आली तेव्हा बायडाबाईंच्या बाजरीच्या रानावर दोन स्कीम उभ्या राहिल्या. आमची त्यातलीच एक. समोर त्यांची स्वतःची चार मजली खोल्यांची इमारत, खाली पार्किंग आणि पार्किंगमध्ये गाड्यांच्या शेजारी एक गाय आणि हरण्या नावाचा खिलार बैल. मी गणिताच्या शिकवण्या घेते म्हणून त्या मला मास्तरीणबाई म्हणतात.

त्यांच्या खोल्यांमध्ये बहुतेक आफ्रिकन विद्यार्थी. ही मुलं फोनवर मराठी मालकांना विचारतात तेव्हा खोली रिकामी असते. बघायला आली की "आत्ताच गेली". आमच्या सोसायटीने तर ठरावच केला होता. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या मुलासाठी "गोरी वधू" हवी अशी जाहिरात तीन वर्षं दिली होती आणि ते स्वतः तव्याच्या बुडाशी स्पर्धा करतील असे आहेत. पण ते असो. बायडाबाईंना मी एकदा विचारलं की तुम्हीच कशा देता या मुलांना खोल्या? मला वाटलं काही उदात्त ऐकायला मिळेल.

"खिडकीतनं थुकत न्हाईत," त्या म्हणाल्या.

डेंग त्यांच्याकडे दक्षिण सुदानहून आला. कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला. इतका उंच, की खोलीत शिरताना वाकायची त्याला इथे आल्यावर सवय लागली. पहिल्या दिवशी त्याने बॅग खाली ठेवली ती हरण्यासमोर. बैलाभोवती एक फेरी मारली, वशिंडावर हात फिरवला, शिंगांच्या मधल्या जागेत बोटांनी खाजवलं आणि स्वतःच्या भाषेत त्याच्याशी काही बोलला. हरण्या अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. त्या दिवशी त्याने मान खाली घातली. बायडाबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. "ह्याला जित्राब कळतंय," एवढंच बोलून वर गेल्या.

त्याचे लोक गुरं राखणारे. तिकडे तरुण मुलाला एक बैल मिळतो, तो त्या बैलावर गाणी रचतो, त्याला फिरवताना ती गातो. हे सगळं त्याने मला इंग्रजीत सांगितलं आणि मी बायडाबाईंना मराठीत. एकदा त्यांनी त्याला गाय पिळायला बसवलं तर तो हसून मागे सरला. त्यांच्यात मुलगा मोठा झाला की दूध काढायचं बंद करतो, ते काम बायकांचं आणि पोरांचं.

"म्हंजी हितल्यावानीच हाय की," बायडाबाई म्हणाल्या. "बाप्ये समदीकडं सारखंच."

हरण्याला फिरवायचं काम मात्र त्याने आपण होऊन घेतलं. बायडाबाईंचा मुलगा रविराज याला त्यातून सुटका मिळाली. रविराजचं मंगल कार्यालय आहे आणि बैल पांजरपोळात द्यावा, त्याच्या जागी पार्किंगमध्ये दोन गाड्या लागतील, हे त्याचं जुनं म्हणणं. कार्यालयाला स्पीकरची परवानगी लागते, वरातीला लागते, त्यामुळे चौकीतला प्रत्येक माणूस त्याच्या ओळखीचा. दिवाळीला त्यांना मिठाई जाते.

आणि त्याच चौकीतले शिपाई दर शनिवारी आमच्या गल्लीत चेकिंगला यायचे. चेकिंग फक्त काळ्या मुलांचं. भिंतीला लावून उभं करायचं, खिसे उलटे करायचे, कागद नीट असले तर नीट का आहेत म्हणून एक ठेवून द्यायची. गल्ली गॅलऱ्यांमधून बघायची. "यांचं काही खरं नाही, ड्रग्जबिग्ज असतील," असं म्हणून कपडे वाळत घालायची. मुलं कधी उलटून बोलत नसत. त्यांना पक्कं ठाऊक होतं की एक केस अंगावर आली की व्हिसा गेला, शिक्षण गेलं, परत घरी.

पोळा आला. आमच्या भागात तो श्रावणात नाही, भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. भैरववाडीत आता बैल उरलेत चार. त्यातला एक पोळ्यापुरता बाहेरून आणतात. पण मानपान जसाच्या तसा आहे. मारुतीसमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखालून पहिला बैल जातो तो बायडाबाईंच्या घरचा. तो गेल्याशिवाय दुसरा बैल हलत नाही. हे सगळं सांभाळतात गेनबा, गावातले सर्वांत वयस्कर गृहस्थ. यात एका पानाचाही फरक ते चालू देत नाहीत.

सकाळी हरण्याला धुवायला न्यायचं होतं. रस्त्यापलीकडे, एका स्कीमच्या मागे जुनी विहीर शिल्लक आहे, तिथे मोटर आहे. न्यायचं रविराजने, पण त्याच्या कार्यालयात कसली तरी गडबड होती. डेंग म्हणाला, मी नेतो. गेला. बैल धुतला, शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरमाळ घातली आणि मोठ्या रस्त्याने गाणं म्हणत परत निघाला.

कोणीतरी चौकीत फोन केला की एक काळा माणूस बैल चोरून कापायला घेऊन चाललाय. मला हे आजही आठवलं की डोकं फिरतं. शिंगं रंगवून, घुंगरं बांधून, गात गात, भर रस्त्यातून? असा चोर कोणी पाहिलाय का? पण पोलिसांनी शिंगांकडे बघितलंच नाही. त्यांनी कासरा धरलेला हात बघितला आणि त्या हाताचा रंग बघितला.

बातमी आणली कोपऱ्यावरच्या फुलवाल्याने. धावत आला. "बायडाबाई, हरण्याला चौकीत नेला!" त्यासरशी सगळी गल्ली बाहेर आली. मानाचा बैल पोलिसांनी नेला म्हणजे काय! गेनबा अनवाणीच निघाले. जो तो बैलाबद्दल बोलत होता. बायडाबाईंनी विचारलं, "आन् डेंग?"

"तो बी तितंच आसंल की," फुलवाला म्हणाला.

चौकीच्या आवारात, जप्त केलेल्या मोटरसायकलींच्या रांगेत, कडुनिंबाला हरण्या बांधलेला होता. डेंग व्हरांड्यात जमिनीवर बसला होता. ओठ फुटलेला, शर्ट खांद्यापाशी उसवलेला, आणि डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत असा सुजलेला की मला बघवेना. मी जवळ जाऊन विचारलं तर इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, बैलाला पाणी दिलं नाहीये यांनी."

हवालदार रंगराव ओळखीचे निघाले. खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. "मावशी, चुकी झाली. आमाला काय माहीत तुमचा बैल. न्या, पोळा करा."

बायडाबाई खुर्चीकडे बघतही नव्हत्या. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या चालल्या होत्या. "आन् ह्याला?"

"त्याचं जरा बघावं लागंल. शिपायाच्या अंगावर आला. सरकारी कामात अडथळा."

मी डेंगला इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, मी 'मालकीण, मालकीण' म्हणत होतो आणि घराकडे बोट दाखवत होतो. तेच अंगावर येणं ठरलं असावं. शेवटचं वर्ष होतं त्याचं. ही केस झाली की आठवड्याभरात विमानात. मी हे बायडाबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि फेऱ्या अजून वाढवल्या.

तोवर गेनबांनी बैलाचा कासरा सोडवायला घेतला होता. "चला, चला. टाइम जातोय. पोराचं सांच्याला बघू. रविराज बोलंल सायबाशी." माणसं निघालीसुद्धा. एवढी मोठी गर्दी बैलासाठी धावत आली होती आणि बैल घेऊन जाणार होती. डेंग त्यांच्याकडे बघत होता. त्याला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बायडाबाई पायऱ्या उतरल्या. गेनबांच्या हातातून कासरा घेतला आणि झाडाला परत बांधला, गाठीवर गाठ मारून.

"ज्यानं आनला त्योच नेईल," त्या म्हणाल्या.

"अगं पन तोरनाखालनं पयला हरन्या जायला पायजे!" गेनबांचा आवाज चढला. "त्याच्याबिगर बाकीचे कसे जातील?"

"मंग थांबू द्या."

"आजवर कंदी थांबला न्हाई पोळा!"

"आज थांबंल."

असा भैरववाडीचा पोळा थांबला. गेनबांना दुसरा बैल पुढे काढता येईना, कारण तसं कधी झालं नव्हतं, आणि त्यांच्या हयातीत होणार नव्हतं. त्यांनी खूप चिडचिड केली. मग निरोप पाठवला की बाकीचे बैल इकडेच आणा, निदान सगळे एका जागी असतील. झुली घातलेले तीन बैल चौकीच्या दारात येऊन उभे राहिले. हलगीवाले आले. कुठे गेले सगळे म्हणून बायका आल्या, कडेवर पोरं घेऊन. चुलीवरचं पुरण तसंच टाकून आलेल्या एकदोघी रंगरावांवरच खेकसल्या. चौकीच्या समोर रस्ता अडला, हॉर्न वाजायला लागले.

डेंगचे मित्र रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीमागे उभे होते. आत यायची त्यांची हिंमत नव्हती. बायडाबाई वाहनांमधून सरळ पलीकडे गेल्या, एकाच्या मनगटाला धरलं आणि ओढत आणलं, बाकीचे मागोमाग आले. आवारात आणून त्यांना गावातल्या बायकांच्या मध्ये उभं केलं. "हितं हुभं ऱ्हावा. कुटं जायाचं न्हाई." मराठी त्यांना कळलं नसेल, पण ते उभे राहिले. आमच्या बायका जरा अवघडल्या, मग सरकून जागा केली.

रविराज मघापासून फाटकाजवळ होता, फोन कानाला लावलेला, आणि पलीकडून कोणी बोलत नसावं. एकदा आईजवळ येऊन हळू म्हणाला, "आई, ताणू नकोस. लग्नसराई तोंडावर आहे. उद्या मला यांच्याच दारात यायचंय." बायडाबाईंनी त्याला बाजूला केलं, वाटेत आलेली बादली सरकवावी तसं.

शेवटी फौजदार आले. तरुण, सभ्य, आवाज अगदी मऊ. त्यांनी बैल बघितले, हलगीवाले बघितले, अडलेला रस्ता बघितला आणि मला उद्देशून म्हणाले, "मॅडम, आपण सुशिक्षित दिसता. आपण समजावून सांगा यांना."

"मी फक्त भाषांतर करते," मी म्हटलं. "समजवायचं काम आपल्या खात्याकडे आहे असं दिसतंय. त्याचा हात बघा."

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तोडगा सांगितला. डेंगवर केस नाही. त्याने फक्त लिहून द्यायचं की बैल उधळला, त्यात तो पडला आणि हाताला लागलं. बैल न्या, मुलगा न्या, सण साजरा करा. जमाव एकदम सैल झाला. गेनबांनी हात जोडले. डेंगने मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्याने लगेच मान हलवली, "येस, येस, आय विल साइन." त्याच्या जागी मीही सही केली असती.

बायडाबाई त्याच्यासमोर थांबल्या. पहिल्यांदाच त्या दिवशी त्यांचे पाय थांबलेले मी पाहिले.

"तू पडलास का रं?" त्यांनी विचारलं. एवढं मराठी त्याला येत होतं. तो खाली बघायला लागला.

"बैल उधळला का?"

यावर मात्र त्याने मान वर केली. बैलावर आळ आलेला त्याला चालला नसावा. "नाही," तो म्हणाला. "हरण्या नाही उधळला."

"मंग न्हाई लिवायचं," बायडाबाई फौजदारांकडे वळल्या. "खरं लिवा. मारलं म्हनून लिवा. दर शनवारी मारत्यात. आज लिवायचं, म्हंजी पुढच्या शनवारी हात उचलताना इचार करतील."

फौजदारांचा मऊपणा थोडा कमी झाला. "आजी, पोलिसाविरुद्ध तक्रार म्हणजे पोरखेळ नाही. मारताना कोणी पाहिलं? पाहणारा साक्षीदार द्या, लगेच लिहून घेतो. नसेल तर मग याच्यावरची केस मला लिहावी लागेल. दोन्हीपैकी एक." कायद्यात असं काही आहे की नाही मला ठाऊक नाही, त्यांच्या आवाजात मात्र होतं.

म्हणजे आता आगीतून फुफाट्यात. साक्षीदार मिळाला नाही तर मघाचा तोडगाही गेला आणि डेंगही गेला. मी बायडाबाईंच्या कानाशी म्हटलं, "घ्या ना मिटवून." त्यांनी ऐकलं नाही.

त्या गर्दीकडे वळल्या. फुलवाल्याला विचारलं, तुझ्या दुकानासमोर झालं ना? तो म्हणाला, मी झेंडू निवडत होतो. रिक्षावाला म्हणाला, मी पाठमोरा होतो. पंक्चरवाला पाठमोरा होता. दूधवाला पाठमोरा होता. भर सकाळी, सणाच्या दिवशी, अख्खा रस्ता पाठमोरा होता. बायडाबाई एकेकासमोर जाऊन उभ्या राहत होत्या आणि एकेक माणूस चपलेकडे बघत होता. आफ्रिकन मुलं न बोलता हे सगळं पाहत होती. त्यांना भाषांतराची गरज नव्हती.

फौजदारांनी घड्याळ बघितलं. "झालं का आजी?"

"मी पाहिलं," रविराज म्हणाला.

तो फाटकाजवळून पुढे आला होता. फोन अजून हातात होता. फौजदार हसले, "रविराजशेठ, तुम्ही कशाला यात..."

"मी पाहिलं," तो परत म्हणाला. मग त्याला थांबवेना. दोन शिपायांपैकी लहान कोण आणि मोठा कोण, काठी कोणाच्या हातात होती, पहिला फटका कुठे बसला, सगळं सांगत गेला. "हा मालकीण मालकीण करत होता. उजव्या हातात कासरा होता. रस्त्याला गाड्या भरधाव चालल्या होत्या, बैल सुटला असता तर मेला असता, म्हणून यानं कासरा सोडलाच नाही. एकच हात मोकळा होता. काठीचे सगळे फटके त्या एका हातावर घेतले यानं. शेवटपर्यंत सोडला नाही कासरा."

हलगीवाल्याच्या खांद्यावरून हलगी घसरली ती त्याने घाईने सावरली. मी डेंगकडे पाहिलं. त्याने हे मला सांगितलं नव्हतं. फौजदारांनी रंगरावांना खूण केली, रंगराव कागद घेऊन टेबलाशी बसले आणि रविराजचा जबाब लिहायला लागले. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता. गेनबासुद्धा म्हणाले, "वाघ हाय पोरगा."

बायडाबाईंना आनंद झालेला दिसत नव्हता. त्या मुलाकडे एकटक बघत होत्या. हे सगळं इतकं बारीक ज्याला माहीत आहे तो तिथे किती वेळ असला पाहिजे, हे माझ्या लक्षात यायच्या आधी त्यांच्या लक्षात आलं होतं.

"तू कुटं हुतास?" त्यांनी विचारलं.

"गाडीत. कार्यालयाला निघालो होतो."

"गाडी थांबिवलीस?"

"बाजूला घेतली होती."

"काच खाली हुती का वर?"

रविराजने हातातला फोन खिशात घातला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, गावात ज्याला शेठ म्हणतात.

"वर होती, आई."

बायडाबाई टेबलाजवळ गेल्या आणि रंगरावांच्या कागदावर बोट ठेवलं.

"ह्ये बी लिवा," त्या म्हणाल्या. "काच वर हुती."

रंगरावांनी फौजदारांकडे पाहिलं, फौजदारांनी रविराजकडे. रविराजने मान हलवली. रंगरावांनी ते लिहिलं आणि त्याच्याखाली रविराजने सही केली.